प्रसारमाध्यमांतील विदाविज्ञान : नव्या व्यवसायाची ओळख व पूर्वतयारी

वृत्तपत्र, आकाशवाणी, दूरचित्रवाणी आणि चित्रपट ही माध्यमे आपल्या परिचयाची आहेत. त्यांत काम करणारी व्यक्ती म्हटली की संपादक, वार्ताहर, निवेदक किंवा छायाचित्रकार डोळ्यांपुढे उभा राहतो. गेल्या दोन दशकांत या मंडळींच्या शेजारी आणखी एक कर्मचारी येऊन बसला आहे. तो बातमी लिहीत नाही की कॅमेरा हाताळीत नाही. कोणती बातमी किती वाचकांनी शेवटपर्यंत वाचली, कोणती मालिका कोणत्या वयाच्या प्रेक्षकांनी मध्येच सोडून दिली, एखाद्या जाहिरातीवर झालेला खर्च सार्थकी लागला किंवा नाही, या प्रश्नांची उत्तरे नोंदींच्या साठ्यातून शोधून काढणे हे त्याचे काम. या शास्त्राला इंग्रजीत डेटा सायन्स म्हणतात आणि मराठीत विदाविज्ञान असे नाव त्यास रूढ होत आहे. विदा म्हणजे पुढील विचारासाठी जपून ठेवलेल्या नोंदी, एवढा अर्थ येथे पुरेसा आहे.

या व्यवसायाविषयी ग्रामीण भागातील विद्यार्थी व पालक यांच्या मनात मोठे कुतूहल आहे. आकर्षक जाहिराती पाहून अल्प मुदतीच्या अभ्यासक्रमांसाठी मोठे शुल्क भरण्याची, प्रसंगी त्यासाठी कर्ज काढण्याचीही पालकांची तयारी असते. अशा वेळी ते सल्ला विचारतात तो गावातील शिक्षकांना, ग्रामसेवकांना अथवा पंचायत सदस्यांना. हा सल्ला योग्य दिला जावा, या हेतूने या व्यवसायाचे स्वरूप, त्यातील धोके आणि त्याची पूर्वतयारी यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

आपल्याच जिल्ह्यांतील एक प्रयोग

विदाविज्ञान हे नाव नवे असले, तरी माध्यमांचा परिणाम शास्त्रशुद्ध रीतीने मोजण्याची कल्पना आपणांस परकी नाही. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने त्या वेळच्या मुंबई राज्यातील पाच मराठी भाषक जिल्ह्यांत ग्रामीण श्रोता मंडळांचा प्रयोग केला. सुमारे १५० गावांतून श्रोत्यांची मंडळे स्थापन झाली. आठवड्यातून दोनदा शेती, आरोग्य, शिक्षण अशा विषयांवरील कार्यक्रम ऐकावयाचा आणि नंतर त्यावर एकत्र बसून चर्चा करावयाची, अशी योजना होती.

या प्रयोगाचे मूल्यमापन मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने केले. मूल्यमापन करणाऱ्यांनी केवळ मंडळे असलेली गावे पाहिली नाहीत. जेथे रेडिओ होता परंतु मंडळ नव्हते अशी गावे आणि जेथे रेडिओच नव्हता अशी गावेही त्यांनी तुलनेसाठी निवडली. कार्यक्रमांपूर्वी लोकांना काय ठाऊक होते आणि नंतर काय ठाऊक झाले, याची दोन्ही वेळा चौकशी केली. निष्कर्ष बोलका होता. मंडळांच्या गावी लोकांच्या माहितीत लक्षणीय भर पडली. इतर गावांत ती फारच थोडी पडली. म्हणजे नुसता रेडिओ गावात असून भागले नाही. ऐकलेल्या गोष्टींवर चर्चा झाली, तेथेच त्या मनात रुजल्या. या अनुभवानंतर श्रोता मंडळांची योजना देशात अन्यत्रही राबविण्यात आली.

या प्रयोगात आजच्या विदातज्ज्ञाच्या कामाचे सार आले आहे. आज एखाद्या वृत्तसंस्थेत एकाच बातमीची दोन शीर्षके तयार करतात. चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे वाचकांचे दोन गट पाडून एका गटास एक व दुसऱ्या गटास दुसरे शीर्षक दाखवितात आणि कोणत्या शीर्षकाने अधिक वाचक बातमीकडे वळले ते पाहतात. साधन बदलले, वेग वाढला. परंतु तुलनेसाठी दुसरा गट हवा हे तत्त्व तेच आहे. ज्यांच्यापर्यंत माध्यम पोहोचले नाही त्यांचीही नोंद हवी, हा या प्रयोगाचा खरा धडा होय. या व्यवसायाची सारी प्रतिष्ठा याच एका सवयीवर उभी आहे.

कामाचे प्रकार

माध्यमांतील विदाविज्ञानाची कामे स्थूलमानाने चार प्रकारची असतात.

पहिले काम मोजमापाचे. वृत्तपत्र असो वा वाहिनी, तिच्या उत्पन्नाचा मोठा भाग जाहिरातींतून येतो आणि जाहिरातदार प्रथम खप किंवा प्रेक्षकसंख्या विचारतो. वृत्तपत्रांचा खप तपासून प्रमाणित करणारी ऑडिट ब्युरो ऑफ सर्क्युलेशन्स ही संस्था आपल्या देशात १९४८ पासून कार्य करीत आहे. दूरचित्रवाणीच्या प्रेक्षकसंख्येचे मोजमाप बार्क या नावाने ओळखली जाणारी संस्था २०१५ पासून करते.

दुसरे काम शिफारशीचे. आपण भ्रमणध्वनीवर एखादे गीत ऐकले की त्या पाठोपाठ तशाच प्रकारची गीते पुढे येतात. ही निवड कोणी माणूस बसून करीत नाही. समान आवडीच्या असंख्य श्रोत्यांच्या नोंदी पडताळून संगणक ती करतो. मात्र त्यासाठी लागणारी गणिती पद्धती माणसानेच तयार केलेली असते.

तिसरे काम वृत्तशोधाचे. १९६७ साली अमेरिकेतील डेट्रॉईट शहरात मोठी दंगल झाली. अशिक्षित मंडळी आणि दक्षिणेकडून नव्याने आलेले लोक यांनीच ती घडविली, असा सर्वसाधारण समज होता. फिलिप मायर या वार्ताहराने समाजशास्त्रज्ञांच्या मदतीने नमुना पाहणी केली आणि ती संगणकावर तपासली. शिक्षण कमी असण्याशी दंगलीतील सहभागाचा संबंध नव्हता आणि शहरातच वाढलेल्यांचे प्रमाण बाहेरून आलेल्यांपेक्षा अधिक होते, असे तीत आढळून आले. ऐकीव समज आकड्यांच्या कसोटीवर घासून पाहणारी ही पत्रकारिता आता अनेक वृत्तपत्रांत स्थिरावली आहे.

चौथे काम भाषेचे. भाषण ऐकून त्याचे लेखन करणे, भाषांतर करणे, जुन्या अंकांतील मजकूर विषयवार लावणे ही कामे संगणकाकडून करवून घ्यावयाची, तर त्या भाषेची जाण असलेला माणूस लागतो. २०११ च्या जनगणनेनुसार मराठी मातृभाषा असणाऱ्यांची संख्या ८ कोटी ३० लाख आहे. वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी या बोली आणि प्रमाण मराठी यांतील भेद ओळखणारा विद्यार्थी या कामात शहरी विद्यार्थ्याच्या मागे पडण्याचे कारण नाही.

आकड्यांची विपुलता आणि सत्य

आकडे पुष्कळ जमविले की सत्य आपोआप हाती येते, असा एक भ्रम आहे. तो दूर करण्यास १९३६ सालचे उदाहरण उपयोगी पडेल. अमेरिकेत त्या वर्षी अध्यक्षपदाची निवडणूक होती. लिटररी डायजेस्ट या प्रतिष्ठित साप्ताहिकाने सुमारे १ कोटी लोकांना टपालाने मतपत्रिका पाठविल्या. त्यांपैकी सुमारे २३ लाख परत आल्या. त्यांवरून लँडन हे उमेदवार विजयी होतील, असे भाकीत साप्ताहिकाने वर्तविले. प्रत्यक्षात रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्ये जिंकली. त्याच वेळी जॉर्ज गॅलप यांनी कितीतरी लहान नमुना घेऊन विजेता अचूक सांगितला होता.

चूक कोठे झाली? साप्ताहिकाने नावे घेतली ती मुख्यतः दूरध्वनी व मोटारगाड्यांच्या याद्यांतून. मंदीच्या त्या काळात ज्यांच्या घरी दूरध्वनी नव्हता, असा फार मोठा वर्ग यादीतून वगळला गेला. शिवाय ज्यांनी उत्तरे पाठविण्याची तसदी घेतली, त्यांचा कल न पाठविणाऱ्यांपेक्षा वेगळा होता. दोन वर्षांत ते साप्ताहिक बंद पडले.

आपल्याकडेही हा धोका आहे. एखाद्या योजनेविषयी लोकांचे मत व्हॉट्सॲपवरून मागविले, तर उत्तरे येतात ती स्मार्टफोन असणाऱ्यांची आणि त्यांतही सवड असणाऱ्यांची. शेतमजूर स्त्री, वृद्ध, ऊसतोडीसाठी बाहेरगावी गेलेले कुटुंब त्या आकड्यांत नसते. हजार उत्तरे आली म्हणून ते साऱ्या गावाचे मत ठरत नाही.

एका घरामागे पावणेपाच हजार घरे

मोजमापाची विश्वासार्हता किती नाजूक असते, याचे उदाहरण २०२० साली मुंबईत दिसून आले. त्या सुमारास देशात दूरचित्रवाणी संच असलेली सुमारे २१ कोटी घरे होती. परंतु मापक यंत्रे बसविलेली होती ती सुमारे ४४ हजार घरांत. भागाकार केल्यास प्रत्येक निवडलेले घर सरासरी पावणेपाच हजार घरांचे प्रतिनिधित्व करीत होते, असे दिसते. नमुना योग्य रीतीने निवडला असेल, तर यात गैर काही नाही. भात शिजला की नाही हे पाहण्यासाठी सारे पातेले उपसावे लागत नाही. मात्र तपासलेले शीतच कोणी बदलले, तर अंदाज चुकलाच म्हणून समजावे.

काही घरांना पैसे देऊन विशिष्ट वाहिन्या चालू ठेवण्यास सांगितले जाते, असा आरोप ऑक्टोबर २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी केला. हा खटला पुढे शासनाने मागे घेतला. परंतु आरोपानंतर लगेच वृत्तवाहिन्यांच्या प्रेक्षकसंख्येचे साप्ताहिक आकडे प्रसिद्ध करणे थांबविण्यात आले, आणि ते मार्च २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाले. जवळजवळ दीड वर्ष एका मोठ्या व्यवसायास आपल्या मापावाचून राहावे लागले. आकड्यावरील विश्वास ढळला म्हणजे काय होते, ते यावरून कळावे. या क्षेत्रात येणाऱ्या तरुणाने गणिताइतकेच महत्त्व सचोटीला का द्यावयाचे, याचे उत्तरही यातच आहे.

नोंदींमागील माणूस

सचोटीची आणखी एक बाजू आहे. चित्रपट घरपोच पुरविणाऱ्या नेटफ्लिक्स या अमेरिकन कंपनीने २००६ साली एक स्पर्धा जाहीर केली. ग्राहकांनी चित्रपटांना दिलेल्या १० कोटींवर गुणांच्या नोंदी तिने अभ्यासकांना खुल्या केल्या. कोणत्या ग्राहकास कोणता चित्रपट आवडेल याचे अनुमान कंपनीच्या पद्धतीपेक्षा १० टक्क्यांनी सुधारून दाखविणाऱ्यास १० लाख डॉलरचे पारितोषिक होते. २००९ साली ते एका संघाने मिळविले. या स्पर्धेने शिफारशीच्या शास्त्रास मोठी चालना दिली.

परंतु याच नोंदींनी दुसरा धडाही दिला. ग्राहकांची नावे काढून टाकलेली असतानाही, अन्यत्र उघडपणे लिहिलेल्या अभिप्रायांशी तुलना करून काही व्यक्ती ओळखता येतात, असे टेक्सास विद्यापीठातील दोन संशोधकांनी दाखवून दिले. माणूस कोणते चित्रपट पाहतो यावरून त्याच्या खासगी आयुष्याविषयी बरेच काही कळू शकते. पुढे आक्षेप आल्याने कंपनीने २०१० साली दुसरी स्पर्धा रद्द केली. केवळ नाव खोडले म्हणजे गुप्तता राखली असे होत नाही, ही गोष्ट ग्रामपंचायतीच्या कार्यालयासही लागू आहे. लाभार्थ्यांच्या यादीतून नाव वगळले, पण वय, वस्ती, आजार व कुटुंबातील संख्या तशीच ठेवली, तर गावातील कोणीही ती व्यक्ती ओळखील. या दृष्टीने संसदेने २०२३ साली अंकीय वैयक्तिक विदा संरक्षणाचा कायदा संमत केला. १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीबाबत त्यात विशेष काळजी घेतली आहे. शिक्षकांनी त्याची ओळख करून घेणे इष्ट ठरेल.

शिक्षण कोणते घ्यावे

या व्यवसायाचा पाया तीन विषयांवर उभा आहे : गणित व संख्याशास्त्र, संगणक आणि भाषा. बारावीपर्यंत गणित सोडू नये, हा पहिला सल्ला. त्यानंतर संख्याशास्त्र, गणित किंवा संगणकशास्त्र घेऊन पदवी घ्यावी. मुंबई आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठांत संख्याशास्त्राचे स्वतंत्र विभाग आहेत. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३१ साली स्थापन केलेली कोलकात्याची भारतीय सांख्यिकी संस्था या विषयातील आपल्या देशातील अग्रगण्य संस्था होय. मद्रास येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेने २०२० साली विदाविज्ञानाचा दूरस्थ पदवी अभ्यासक्रम जाहीर केला. त्यास संयुक्त प्रवेश परीक्षेची अट नाही. आरंभीचा पात्रता टप्पा मात्र पार करावा लागतो. केंद्र शासनाच्या स्वयम् या व्यासपीठावर अनेक पाठ विनामूल्य उपलब्ध आहेत. प्रवेशाच्या व शुल्काच्या अटी बदलत असल्याने त्या मूळ संस्थेकडूनच जाणून घ्याव्यात.

पायथन आणि आर या संगणक भाषा, तसेच नोंदींच्या कोठारातून हवी ती माहिती काढणारी एसक्यूएल ही भाषा शिकणे अगत्याचे आहे. पायथन आणि आर या दोन्ही कोणासही विनामूल्य मिळतात. म्हणून केवळ त्या शिकविण्यासाठी फार मोठे शुल्क मागणाऱ्या आणि नोकरीची हमी देणाऱ्या वर्गांबाबत पालकांनी सावध राहावे. नोकरी देणारे प्रमाणपत्रापेक्षा उमेदवाराने स्वतः केलेले काम पाहतात. आपल्या तालुक्यातील पाऊस, शाळांतील पटसंख्या किंवा बाजारभाव यांवर स्वतः केलेला एखादा अभ्यास दहा प्रमाणपत्रांहून अधिक मोलाचा ठरतो. त्यासाठी लागणारी सामग्री राज्याच्या अर्थ व सांख्यिकी संचालनालयाच्या जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचनात आणि केंद्र शासनाच्या खुल्या विदा संकेतस्थळावर मिळू शकते.

या कामात झगमगाट फार नाही, हेही विद्यार्थ्यांना सांगावे. वेळेचा मोठा भाग नोंदी निवडण्यात व दुरुस्त करण्यात जातो. जुन्या कागदात उस्मानाबाद आणि नव्या कागदात धाराशिव असे नाव असेल, तर संगणक ते दोन जिल्हे समजतो. वडगाव आणि पिंपळगाव नावाची गावे किती तालुक्यांत आहेत, हे त्यास ठाऊक नसते. असे घोटाळे नजरेस येतात ते ज्याला आपला मुलूख माहीत आहे त्यालाच.

गावातच घेता येईल असा पाठ

या शास्त्राची गोडी शाळेतच लावता येते. त्यासाठी संगणकही आवश्यक नाही. नववीच्या वर्गास घेता येईल असा एक पाठ येथे सुचवितो.

समजा, गावात ६०० घरे आहेत. शासनाच्या योजनांची माहिती गावकऱ्यांना कोणत्या माध्यमातून मिळते, हे शोधावयाचे आहे. ग्रामपंचायतीच्या कर आकारणी नोंदवहीवरून, म्हणजे नमुना ८ वरून, पंचायतीच्या अनुमतीने केवळ घर क्रमांकांची यादी करावी. १ ते १० मधील एक चिठ्ठी उचलावी. ७ आकडा निघाल्यास ७, १७, २७ अशा क्रमाने ६० घरे निवडावीत. निवडलेले घर बंद असल्यास शेजारचे घर घेऊ नये. सायंकाळी पुन्हा जावे. घरातील स्त्री व पुरुष दोघांसही विचारावे. नाव लिहून घेऊ नये.

त्याच दिवशी दुसऱ्या गटाने एसटी थांब्यावर भेटतील त्या ६० जणांना तोच प्रश्न विचारावा. दोन्ही तक्ते फळ्यावर मांडले म्हणजे ते सारखे का नाहीत, याची चर्चा मुले स्वतःच सुरू करतील. थांब्यावर कोण भेटले नाही, या प्रश्नापाशी ती आली की पाठाचे अर्धे काम झाले.

उरलेले अर्धे काम निष्कर्ष प्रामाणिकपणे सांगण्याचे. ६० पैकी ३० घरांनी दूरचित्रवाणी असे उत्तर दिले, तर निम्म्या गावाला माहिती दूरचित्रवाणीवरून मिळते, एवढेच म्हणून थांबू नये. इतक्या लहान नमुन्यात सुमारे १२ टक्क्यांची चूक दोन्ही बाजूंस संभवते. म्हणून खरे प्रमाण ३८ ते ६२ टक्क्यांच्या दरम्यान असण्याचा बराच संभव आहे, असे सांगावे. नमुना मोठा घेतला की ही चूक कमी होते. परंतु ती निम्म्यावर आणण्यास मोठ्या लोकसंख्येत नमुना चौपट करावा लागतो. एवढे गणित ज्याला कळले, त्याला वृत्तपत्रातील कोणत्याही पाहणीकडे डोळसपणे पाहता येईल, मग तो या व्यवसायात जावो अथवा न जावो.

आपली जबाबदारी

विदाविज्ञानाचे काम महानगरांतील वातानुकूलित कार्यालयांत होत असले, तरी त्याचा कच्चा माल गावोगावच्या नोंदवह्यांत तयार होतो. शाळेचे हजेरीपत्रक, जन्म-मृत्यूची नोंद, पर्जन्यमापकावरील आकडा, पाणीपट्टीचा हिशेब यांत एक खोटी नोंद शिरली, तर पुढे कितीही शक्तिमान संगणक लावला तरी तिचे खरे होत नाही. कालचा पाऊस आज अंदाजाने लिहिणारा लिपिक आणि गैरहजर मुलास हजर दाखविणारा शिक्षक यांच्या हातून नकळत पुढच्या सर्व निष्कर्षांचा पाया पोकळ होत असतो.

माहिती खात्यातील अधिकाऱ्यांसाठीही यात एक विचार आहे. एखादी चित्रफीत किती लोकांनी पाहिली हा आकडा आज क्षणात मिळतो. ती किती लोकांना कळली आणि त्यांपैकी किती जणांनी योजनेचा लाभ घेतला, हे मात्र गावात जाऊनच पाहावे लागते. १९५६ साली पुण्याच्या परिसरात ते पाहिले गेले होते.

आपल्या गावातील एखादा मुलगा किंवा मुलगी उद्या या व्यवसायात शिरेल. गणित, संगणक आणि भाषा या तिन्ही गोष्टी त्यास शाळा-महाविद्यालयांतून मिळतील. परंतु जसे दिसले तसे लिहिण्याची आणि मोजणीतून कोण सुटले हे विचारण्याची सवय गावातील वडीलधाऱ्यांच्या वागण्यातूनच लागते. ती लावण्यास आजच्या हजेरीपत्रकापासून प्रारंभ करता येईल.